प्रत्येकाचा एकच चिकू

मंडळी, ऐका. मागं पोचतंय ना माझं बोलणं? नसेल तर हात वर करा, मी आणखी थोडा ओरडेन. त्यापलीकडे माझ्याच्यानं होत नाही!

आजचा प्रश्न एवढाच — प्रेमानं दिलेलं बाधतं का? पोथ्या चाळत म्हातारा झालो, पण उत्तर सापडलं नाही. म्हणून गोष्ट सांगतो.

आपल्याच किनाऱ्यावरचे हरेश्वरभाऊ चुरी. चिकूची वाडी. माणूस इतका भिडस्त, की दुसऱ्यानं यांच्या पायावर पाय दिला तर हेच विचारणार, "लागलं का हो तुम्हाला?" — हसा, हसून घ्या. पुढं हसायला जागा नाही.

भाऊंना मधुमेह. पायाला जखम झाली, चिघळली, अंगठा काढावा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखम भरेपर्यंत साखर ताब्यात हवी. नाहीतर पाय जाईल."

कुंदाकाकींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीनं, विचारलं, "आणि फळं?"

"फळ म्हणजे विष नाही. पेरूच्या चार फोडी खाऊ देत. पण चिकू, केळं, द्राक्षं यांनी साखर चढते. मला विचारून, थोडंसंच. आणि रस नकोच."

झालं! गाव भेटीला निघालं. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं? छे!

शेजारच्या मंजुळावहिनी आल्या. "भाऊ, घ्या. एकच चिकू!"

"वहिनी, त्यांना चालत नाही हो."

"अगं कुंदा, त्यात साखर कुठं घातलीय कुणी? झाडाला लागलेलं फळ ते! देवानं दिलेलं बाधतं होय?"

मग आले व्याही. "विहीणबाई, आमच्या व्याह्यांना उपाशी मारता की काय?" सगळे खो खो हसले. व्याह्यांना कोण उलटून बोलणार?

भाऊ खात राहिले. प्रत्येकाचा एकच चिकू, मंडळी! दोन कुणीच दिले नाहीत. सांगा, दोष कुणाला देऊ?

साखर चढली. काकींनी घरातला साखरेचा डबासुद्धा देऊन टाकला! मग एकदा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणा ना. माझं कोण ऐकतंय?"

"अगं, एवढ्या मायेनं आणतात. तोंड कसं फिरवू?"

जखम काळी पडली. पाय गुडघ्याखाली कापला.

इथं देव धावून आला, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण नाही आला. दवाखान्याच्या दारात आले ते व्याही — हातात पिशवी, पिशवीत द्राक्षं आणि मोसंबीचा रस! "अशक्तपणा जाईल, विहीणबाई."

काकींना ओरडायचं होतं. पाय गेला हो, आता तरी थांबा! पण तोंडातून काय आलं? "कशाला आणलंत एवढं?"

आणि त्यांनी पिशवी घेतली.

मंडळी, आपण सगळेच म्हणतो हे वाक्य. ऐकणारा कधी खरं मानतो का? बाई जीव तोडून म्हणत होती, आणि व्याही म्हणाले, "असू द्या हो!"

भाऊंचा दुसरा पाय अजून आहे. त्याचीही बोटं बधिर झालीत.

आता आरती होईल. प्रसादाला केळी आहेत. कुणाच्या हातावर ठेवण्याआधी विचारा, "चालतं का तुम्हाला?" तो नाही म्हणाला, तर पुन्हा आग्रह करू नका.

माना डोलावताय. भाऊंच्या गावात हेच सांगितलं, तेव्हा तिथंही डोलावत होते... कराल ना, मंडळी?