सरांचं अक्रोडाचं झाड

माननीय अध्यक्ष ओटमार ब्राउनफेल्स, व्यासपीठावरच्या नगरसेविका बाई, आपले सत्कारमूर्ती प्राध्यापक फोल्कमार ड्रेसलर, आणि कांद्याच्या केककडे डोळे लावून बसलेल्या बागकाम मंडळाच्या बंधुभगिनींनो,

मी उभी राहिले की लांबण लावते, अशी माझी ख्याती आहे. आज आवरतं घेईन.

सरांनी इथे फ्रँकफुर्टच्या विद्यापीठात जन्मभर एकच शिकवलं. माणूस 'हवं, हवं' करण्यापायी दुःखी असतो. नाही मिळालं तर झुरतो, मिळालं की चार दिवसांत कंटाळतो आणि दुसऱ्या कशाच्या तरी मागे धावतो. अशा माणसाच्या शेजारी मंडळाची बाग भाड्याने घ्यावी का हो कुणी? मी घेतली. माझे यजमान गेले तेव्हा हे गृहस्थ आठवडाभर रोज यायचे, भांडी घासून जायचे. मी म्हटलं, "सर, जगणं दुःखाचंच म्हणता ना, मग कशाला हा त्रास?" तर म्हणाले, "म्हणूनच, बाई. त्यात आपण सगळेच आहोत."

आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून सर बाग सोडून कासेलला मुलीकडे चाललेत. आपला नियम तुम्हाला पाठ आहे. अक्रोडाची सावली शेजारच्या भाज्या मारते, म्हणून बाग सोडणाऱ्याने अक्रोड कापून द्यायचा. हा अक्रोड सरांच्या पत्नी हेडविगबाईंनी लावला. सर तेव्हा म्हणाले होते, उगवणार नाही. उगवला तर म्हणाले, फळ धरणार नाही. फळं धरली, पण ती बघायला बाई राहिल्या नाहीत.

शनिवारी आपल्या मंडळाचा लुट्झ करवत घेऊन गेला. सर झाडाला हात लावून उभे. "कापा," म्हणाले, "मला काही नको."

"मग हात काढा, सर."

"काढतो."

पण काढेनात. शेवटी लुट्झच म्हणाला, "आज पातं बोथट आहे," आणि परत आला. पातं कोरं होतं, मंडळी. मला रडू आलं, सांगायला लाज कसली?

मंडळाला सभेत मत घेऊन नियमात सूट देता येते. नव्या भाडेकरू आयलिनबाईंना झाड चालतंय. शेजारीण मी, माझ्या भाज्यांचं मी बघून घेईन. फक्त सोडून जाणाऱ्याने सभेत स्वतः मागावं लागतं. आणि इथेच घोडं अडलंय, कारण सरांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं नाही.

सर, सगळ्यांदेखत विचारते. ते झाड राहायला हवंय का तुम्हाला?

बसूनच बोला, उठू नका. ओटमार, तो माईक जरा त्यांच्याकडे द्या.

काय म्हणालात? पुन्हा एकदा, मागच्यांना ऐकू आलं नाही.

"हवंय."

ऐकलंत ना? मग माझं भाषण संपलं. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही कमी-जास्त बोलले असेन तर पोटात घाला, आणि आता हात वर करा.