राक्षसाच्या पुढचं पान

सांगतो, ऐका. २०२३ चा ऐन उन्हाळा. मरोळला माझ्या घरी मी आणि शेजारचा अंतोन कॉम्प्युटरवर एक जुना, भलता कठीण खेळ खेळायचो. योद्धा, राक्षस आणि पानंच्या पानं इंग्रजी. मला इंग्रजी येत नाही.

“बटणं तू दाब रे, वाचतो मी,” तो म्हणायचा.

“आणि मधेच गेलास तर?”

“मग शेवट आणून दे मला.”

“देईन.”

राक्षसाच्या दाराशी पोचलो आणि अंतोन वारला. पुढे खेळात मी एकटाच चाळीस वेळा मेलो. अखेर राक्षस पडला. एवढं लढून हाती काय आलं, तर न वाचता येणारं पान. कोणाला विचारायचा माझा स्वभाव नाही. अक्षर न अक्षर बघून कागदावर उतरवलं. कागद अंतोनच्या कबरीवर दगडाखाली ठेवला.

“घे. वाच,” म्हटलं.