कोऱ्या जागेला जोडलेली रेघ

आदरणीय अध्यक्ष अनीबाल महाशय, व्यासपीठावरचे पाहुणे, छापखान्यातले सहकारी आणि पहिल्या रांगेत शाल सावरत बसलेल्या एलविरा आजी, सर्वांना नमस्कार.

रोसारियोच्या आपल्या छापखान्यातून नेलिदाबाई आज निवृत्त होताहेत. गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. मी पान लावून दाखवलं की म्हणायच्या, "छान. आता माणसांना वाचता येईल असं लाव!"

वस्तीतल्या घराण्यांचं पुस्तक आपण काढतो. त्यातल्या माणसांचे चौकोन रेघांनी एकमेकांना जोडणारा संगणकाचा प्रोग्रॅम बाईंचा. चौकोन हलवला की रेघ मागोमाग येते. एखादं टोक सुटं दिसलं, तर ती रेघ चुकून राहिली असं समजून छपाईआधी आपोआप पुसली जाते. छापखान्याची शिस्तच ती.

पण लष्कराने उचलून नेलेल्या, कधीच न परतलेल्या मुलांना चौकोन द्यायचा नाही, हे त्यांच्या आयांनीच ठरवलेलं. चौकोन म्हणजे दफनभूमीच्या भिंतीतला कोनाडा. त्यात ठेवायला देह आहे कुठे? म्हणून त्यांच्या रेघा कोऱ्या कागदावर सोडलेल्या.

कच्चं पान बघायला एलविरा आजी आल्या. स्वतःच्या नावाखाली बोट फिरवत राहिल्या. मुलाची रेघ नव्हती, प्रोग्रॅमने सुटी समजून पुसलेली. म्हणाल्या, "तुम्हीपण नेलंत का रे त्याला?"

ते वाक्य अजून माझ्या मानगुटीवर बसलंय.

नेलिदाबाईंनी त्यांना खुर्ची दिली. "आजी, रेघेला धरायला काहीतरी हवं. चौकोन ठेवते, पण त्याला ना कडा, ना रंग. दिसणार नाही."

"भिंती नाहीत ना?"

"नाहीत."

"मग बसेल तो."

तेव्हापासून पडद्यावर सगळं निवडलं, की कोऱ्या जागांतल्या त्या न दिसणाऱ्या चौकोनांभोवती बारीक ठिपके उमटतात. पानोपानी. खरं सांगू? मला भीती वाटते. इतकी माणसं त्या पांढऱ्यात बसून आहेत, आणि आपण शेजारी मातेचा कडू चहा पीत गप्पा मारतो.

आज दारातच आजींनी मला गाठलं. "ही चालली. तुम्ही नवा प्रोग्रॅम आणताय म्हणे. माझ्या पोराला आता कोण धरणार?"

आजी, सगळ्यांसमोर सांगतो. बाईंनी ही विद्या माझ्याकडून घोटून घेतली आहे, शिव्या देत देत. काल नव्या प्रोग्रॅमात तुमचं पान उघडलं, तुमचा चौकोन पार दुसऱ्या कोपऱ्यात ओढून पाहिला. रेघ ताणली, वळली, पण त्याच्यापासून सुटली नाही.

नेलिदाबाई, आभार मानले तर रागवाल, तरी मानतो. आणि मंडळी, बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहून गेलं असेल तर पोटात घाला. पुस्तकातून ते राहून जाऊ देणार नाही.