पडद्यामागचा मास्तर

साकोलीच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

“तुमाले आजवर कोणता सिनेमा सगळ्यात आवडला, शकुनबाई?”

“आंधळगावच्या मंडईच्या जत्रेत, तंबूत लागला होता तो. त्यातला हिरो मास्तर असते.”

“मीबी पाहिला. आमच्या यायच्यासंगं, समोर खुर्चीवर बसून.”

“आमाले कुठची खुर्ची, कुंताबाई? आमी साऱ्या बाया पडद्याच्या मांगं, खाली धानाच्या तनसीवर.”

“मांगून तं सारं उलटं दिसते ना?”

“उलटं कसं? मास्तर का डोक्यावर चालत होता? मले त्याचं जेवणं लय आवडलं. डाव्या हातानं जेवते तो. माय समोर बसली असते, पण एका शब्दानं बोलत नाही.”

“डाव्या हातानं?”

“हो. मले तं माझ्या मायनं डाव्या हातापायी चटके देल्ले होते. माही इंदू माझ्यावरच गेली. सासू तिचा हात बांधाले बसली, तं मी म्हटलं, एवढा मास्तर जेवते, मंग पोरगी काहून नाही जेवणार? अन् दोरी सोडून देल्ली.”

“बरं केलं.”

“उद्या तिले पाहाले पाहुणे येऊन राहिले. डाव्याच हातानं जेव म्हटलं तिले. पण आज मलेच भेव लागून राहिलं. तुमी तं समोर होत्या. डावाच हात होता ना त्याचा?”

गाडी लागली. लोक उठले. त्या दोघी बसूनच होत्या.

“डावाच होता, शकुनबाई. मी खुर्चीवर होती ना. मले साफ दिसला.”