चोरलेलंच लागतं

(करी रोडच्या चाळीचं अंगण. बांधून ठेवलेली बोचकी. खाटेवर आडव्या झालेल्या रमाबाई. कढीपत्त्याच्या झाडाशी हातात स्टीलचा डबा घेऊन उभ्या समोरच्या टॉवरमधल्या नलूताई.)

नलू : अहो पण रमाबाई, मी मागतेय ना! तुमच्या हातानं एक रोप द्या की सरळ.

रमाबाई : मागलेला लागत नाय गो. आणि विकतचा तर नायच नाय. दादरच्या नर्सरीतून आणलेलंस, त्याचा काय झाला?

नलू : मेलं.

रमाबाई : आणि त्याच्या आधीचा?

नलू : तेही मेलं. खत घातलं, यूट्यूब बघून ताकसुद्धा घातलं हो.

रमाबाई : कसला ताक?

नलू : पाकिटातलं. मसाला ताक.

रमाबाई : अगो बाय माझे! मिठाजिऱ्याचा? झाडाक जित्तेपणीच फोडणी दिलंस!

नलू : चुकलंच माझं. पण चोरी नको हो. सगळी नोकरी बँकेत झाली, कधी ऑफिसचं पेन घरी आणलं नाही.

रमाबाई : म्हणून तुझ्या कढीक वास नाय. आता नीट ऐक. उद्या माझो टेम्पो येतलो, परवा हंय बुलडोझर. ह्या झाड आमच्या ह्यांनी लावलेला, गिरणी बंद पडली त्या वर्षी. म्हणत, काम नाय तर नाय, झाडाक पाणी तरी घालीन. आता मोठा खोड काय उपटत नाय, आणि ट्रान्झिट कॅम्पच्या खोलीत उन्हाची तिरीप नाय. जीव तुटता गो माझो. तुझ्या गॅलरीत ऊन आसा. तेव्हा गुमान चोर.

नलू : बरं बाई. कुठून सुरुवात करू?

रमाबाई : माका काय विचारतंस? मी निजलंय.

नलू : सॉरी.

रमाबाई : ता नाय! त्याच्या बाजूचा. मुळाकडून वर फुटलेला ता.

नलू : तुम्ही झोपलाय ना?

रमाबाई : झोपेत बरळतंय. मूळ तोडू नको, मातीसकट काढ.

रुपाली : नलूकाकू? झाडाखाली काय करताय?

नलू : मी... चोरी करतेय, रुपाली.

रुपाली : आई! अहो आई, काकू चोरी करतायत!

रमाबाई : गो सूनबाय, बोंबलू नको, जाग येईल माका!

रुपाली : आली तर आली. काय होतंय?

रमाबाई : तर माझ्या हातान देऊचा लागतला. आणि दिलेला मरतला.

रुपाली : कमाल आहे तुमची. काकू, खुरपं त्या बादलीमागे पडलंय. मी दिलं नाही हां.

नलू : निघालं! मुळासकट निघालं! रमाबाई, तुमचे उपकार...

रमाबाई : चोर उपकार मानता?

नलू : बरं बरं. हा डबा ठेवते खाटेवर. बेसनाचे लाडू आहेत, घरचे.

रमाबाई : उचल तो! लाडू दिलंस तर चोरी खंय रवली?

रुपाली : आई, साजूक तुपातले दिसतायत.

रमाबाई : ...मगे असा कर. डबो हंय विसरून जा.

नलू : विसरले. निघू?

रमाबाई : पळ. चोर काय रमतगमत जाता?

नलू : गुडघा दुखतो हो माझा.

रमाबाई : मगे हळू पळ.

रुपाली : गेल्या एकदाच्या. उठा आता. आणि डोळे पुसा आधी.

रमाबाई : झोपेतून उठल्यावर येता पाणी. एक लाडू दे.

रुपाली : घ्या. उरलेले काढून ठेवते आणि डबा घासून आत्ताच देऊन येते त्यांना. उद्या टेम्पोच्या गडबडीत राहून जाईल.

रमाबाई : खबरदार डब्याक हात लावलंस तर. झाड बघूक जावचा तर माका काय तरी निमित्त नको?