अध्यक्षांचे बूट

नागेंद्र : तुम्ही प्रसंगाचे गांभीर्य घालवत आहात, जयाबाई. मी या रुग्णालयाचा व्यवस्थापक म्हणून सरळ विचारतो, तुम्हीही सरळ उत्तर द्या. अध्यक्षसाहेबांना बूट काढायला कुणी सांगितले?

जयाबाई : पाटीनं. ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ म्होरल्या दारावर मराठीत हाय, कन्नडात बी हाय. म्या नुस्तं बोट दाखवलं.

नागेंद्र : ती पाटी पहिल्या दिवसापासून तिथे आहे, आणि पहिल्या दिवसापासून बुटांतली माणसे तिच्याखालून आत येत आहेत. दारावरच्या आयाला हे ठाऊक नाही?

जयाबाई : ठाव हाय की. चपलावाल्याला अडवायचं, बूटवाल्याला ‘या सायेब’ म्हणायचं. इतकी वर्सं तेच करत आलते.

नागेंद्र : मग आजच हा साक्षात्कार कसा झाला?

जयाबाई : सकाळी समता सप्ताहाचं भाषण झालं न्हवं? मोठं सायेबच माईकवर म्हणालं, ‘या दारात सगळे सारखे.’ मला वाटलं, हुकूम हाय.

नागेंद्र : ते तत्त्व होते. तत्त्व आणि हुकूम यांत भेद असतो.

जयाबाई : त्यो भेद भाषणात आला न्हाय, सायेब.

नागेंद्र : शिवाय त्या रीतीमागे कारण आहे. चपलेबरोबर चिखल येतो. बूट मोटारीतून उतरतो.

जयाबाई : मोठ्या सायबांची फौंड्री उद्यमबागेत. बुटाच्या तळाला भट्टीची काळी भुकटी असती. फरशी म्या पुसते, मला इचारा. आता जात कोन तोंडावर इचारत न्हाय, सायेब. पाय बघत्यात.

नागेंद्र : हा आरोप फार मोठा आहे.

जयाबाई : म्हणून तर हळू आवाजात केला.

नागेंद्र : आणि त्यांच्या मोज्याला भोक होते! अंगठा बाहेर आला, शिकाऊ नर्सा तोंडाला पदर लावून हसल्या.

जयाबाई : पदर कुठला? त्या ड्रेसवर असत्यात. उघड्याच हसल्या.

नागेंद्र : जयाबाई! ते बूट दारातून नाहीसे झाले आहेत. साहेब शेजारच्या खोलीत अनवाणी बसले आहेत. त्यांचा हुकूम स्पष्ट आहे : बूट मिळोत न मिळोत, तुम्हाला आजच कामावरून काढायचे.

जयाबाई : ह्यो मात्र हुकूम हाय.

नागेंद्र : दुर्दैवाने.

जयाबाई : वडगावात घरधन्याचा माग बंद पडलाय, सायेब. घरात मिळवती म्या एकटीच. हे तुमाला ठाव हाय.

नागेंद्र : ठाऊक आहे. म्हणूनच तासभर शब्दांचा कीस काढत बसलो आहे. एरवी मी इतका वेळ घालवीन?

(दाराबाहेर बुटांचा खाडखाड आवाज.)

रवळू : आत येऊ का, मालक?

जयाबाई : अगं बया! रवळूआप्पा, कंग्राळी गावचं. सकाळी तपासणीला डोळ्यात थेंब घातलं हुतं ह्यांच्या.

रवळू : आक्का, पायातलं बदललं गं. समदं धुरकट दिसतंय. बस धरायला गेलतो, पायाला खडंच टोचंनात. तवा कळलं, ह्या माज्या चपला न्हवंत.

नागेंद्र : हे बूट घालून तुम्ही थेट माझ्या खोलीपर्यंत आलात? कुणी अडवले नाही?

रवळू : त्येचंच तर नवल, मालक. आक्काच्या जागी त्यो सिद्राम शिपाई हाय. एरवी ‘ए, चप्पल तेगी’, काढ म्हणून खेकसतोय. आज उठून हुबा ऱ्हायला, ‘बर्री सर’, या सायेब म्हणाला. वाट चुकून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घुसलो, तर त्या म्हणाल्या, बसा. लई वर्सं येतोय हितं. खुर्चीवर आजच बसलो.

नागेंद्र : धोतर हेच होते?

रवळू : धोतर ह्येच, टोपी हीच. मी बी त्योच.

नागेंद्र : हं… आणि हे बूट तुमच्या पायांत आले कसे?

रवळू : मला कुठं दिसत हुतं? आक्कानं पायाम्होरं सरकवलं, म्या घातलं.

नागेंद्र : जयाबाई!

जयाबाई : काय करणार, सायेब? दारात सगळं सारखंच दिसत हुतं.

नागेंद्र : हसू नका. मीही हसणार नाही. चला दोघेही माझ्याबरोबर, पुढच्या दारापर्यंत.

रवळू : आक्का, मला बी काढत्यात का काय?

जयाबाई : गप चला, आप्पा.

नागेंद्र : ठेवा ते बूट इथे, पाटीखाली. तुमच्या चपला या घ्या. जयाबाई, जरा सरका, मला वाकू द्या.

जयाबाई : सायेब, तुमी बूट का काढताय?

नागेंद्र : पाटी मराठीत आहे. मला वाचता येते.

रवळू : मालक, तुमचा फोन वाजतोय.

नागेंद्र : हां, साहेब. मिळाले… नाही, आत आणून देता येणार नाहीत, दारातूनच घालावे लागतील… जयाबाई? त्या दारावर आहेत. त्यांना काढायचे तर पाटी आधी काढावी लागेल, आणि सप्ताह अजून संपलेला नाही… ओळखायला अडचण नाही, साहेब. माझ्या बुटांच्या शेजारीच आहेत.