नऊ नंबर

प्रेरणा : पुन्हा वरपासून पाहिलं, मामाजी. कम्प्युटरवर 'ओ निगेटिव्ह' एकच आहे.

वामनराव : एक कसा राहीन? नऊ हायेत. रिटायर झाल्यापासून एकेक रक्त देनारा जमवला म्या.

प्रेरणा : आणि नऊही जणांचं नाव तुम्ही 'ओ निगेटिव्ह' एवढंच टाकलं होतं?

वामनराव : मंग काय टाकू? घाईच्या वक्ताले नाव कोन पाह्यते, गट पाहा लागते. शेवटचे दोन आकडे दिसले की मानूस मले समजते. एकाहत्तर म्हंजे कापसाच्या जिनिंगवरचा शिवम. चौदा म्हंजे पोस्टातली पोरगी. काऊन, काय झालं?

प्रेरणा : काल फोन जोडताना कम्प्युटरनं विचारलं, एकाच नावाचे नऊ आहेत, एक करू का? मला वाटलं एकाच माणसाचा नंबर नऊ वेळा पडलाय. मी हो म्हटलं.

वामनराव : मंग एकाखाली नऊ असतीन.

प्रेरणा : नाहीत. इथं एका माणसाला तीनच नंबर बसतात. मोबाइल, घर, ऑफिस. बाकीचे सहा त्यानं टाकून दिले.

वामनराव : अन फोनातले?

प्रेरणा : दोन्ही जोडलेत ना. इथं गेलं की तिथलंही जातं. फोन पडला-भिजला तरी यादी राहावी म्हणून तर जोडलं मी.

वामनराव : तीन राह्यले, ते तिन्ही लावून झाले माहे. एक हैदराबादले हाय. एकाले कावीळ झाली. तिसरा उचलून नाही राह्यला.

प्रेरणा : ग्रुपवर टाकलं का?

वामनराव : टाकलं. पन्नास जनानं हात जोडले. ओ निगेटिव्ह एकही नाही.

प्रेरणा : कॅलेंडर शाबूत आहे. कोणी कधी दिलं ते तुम्ही लिहिलंय. पण तिथंही दोनच आकडे. 'चौदानं दिलं', मागच्या महिन्यात.

वामनराव : म्हंजे पोस्टातली पोरगी नाही चालत. चार महिने तिचं रक्त घेता येत नाही. थांब, ज्याच्या बायकोले रक्त पाह्यजे त्याचाच फोन हाय. आसलगावचा ज्ञानेश्वर.

ज्ञानेश्वर : काका, निघालं का कोनी?

वामनराव : पाहून राह्यलो बापू. मंजुश्री कशी हाय?

ज्ञानेश्वर : पोरगी झाली, ते चांगली हाय. मंजुश्रीचं रक्त थांबून नाही राह्यलं. खामगावात तिच्या गटाच्या दोनच बाटल्या होत्या, दोन्ही लावल्या. आमच्या घरातलं कोनाचंच जुळत नाही. डॉक्टर म्हनते अजून पाह्यजे, लवकर पाह्यजे.

वामनराव : हाव.

ज्ञानेश्वर : माह्या भावाच्या वक्ताले तुम्ही अर्ध्या घंट्यात चार मानसं उभे केले होते. म्हनून म्या दुसऱ्या कोनाले फोनच नाही केला. कोन येऊन राह्यलं तेवढं सांगा फक्त.

वामनराव : सांगतो. दहा मिन्टं दे मले.

प्रेरणा : मामाजी, तुम्ही त्याला सांगितलं नाही.

वामनराव : काय सांगू?

प्रेरणा : की नंबर गेले. तो दुसरीकडे तरी पळेल. अकोल्याच्या रक्तपेढीत कोणाला पाठवेल.

वामनराव : सतरा वर्सं झाले, प्रेरणा. ह्या फोनवरून कोनाले नाही म्हटलं नाही म्या. पह्यले शिवमले पाहू. तो भेटला तं सांगाचं कामच नाही पडत.

प्रेरणा : आणि नाही भेटला तर? चूक माझी आहे, मीच सांगते त्याला. द्या फोन.

वामनराव : तू जिनिंगवर जाय. गाडीची चाबी खुंटीले हाय. जाय म्हनतो ना.

(तासाभरानं. प्रेरणा परत आली आहे.)

प्रेरणा : जिनिंगवर नव्हता तो. मुकादम म्हणाला मालासोबत गेलाय. मी तिथंच थांबले. चाळीस मिनिटांनी आला.

वामनराव : मंग?

प्रेरणा : अर्धं ऐकलं आणि मोटरसायकलला किक मारली. हात धुवायलाही थांबला नाही.

वामनराव : नंबर घेतला त्याचा?

प्रेरणा : सुचलंच नाही हो. मागून हाक मारली तोवर फाटकाबाहेर होता. तुम्ही ज्ञानेश्वरला सांगितलं ना, मधल्या वेळात?

वामनराव : त्याचे दोन फोन आले होते.

प्रेरणा : मग?

वामनराव : म्हटलं, येऊन राह्यलं कोनी.

प्रेरणा : मामाजी, तेव्हा शिवम मला भेटलाही नव्हता.

वामनराव : मालूम हाय मले. फोन वाजून राह्यला. उचल तू. नाही, दे इकडे.

ज्ञानेश्वर : काका, ते मानूस निघालं असंन तं राहू द्या आता.

वामनराव : काऊन बापू?

ज्ञानेश्वर : गेली ते. दहा मिन्टं झाले.

वामनराव : बापू, आयक. माह्याजवळ नंबर नोते. नवातले सहा कालच गेले. तुले म्हटलं कोनी येऊन राह्यलं, तवा कोनीच नोतं येत.

प्रेरणा : भाऊ, मी प्रेरणा बोलते, यांची सून. ते नंबर माझ्या हातून गेले. कम्प्युटरला जोडताना.

वामनराव : तिनं बटन दाबलं. चूप तं मी राह्यलो. मले लाज वाटली तुले सांगाची.

ज्ञानेश्वर : माहा साळा गाडी घेऊन उभा होता, काका. सक्काळपासून. म्या म्हटलं कायले अकोल्याले जातं, वामनराव काका पाठवून राह्यले.

वामनराव : हाव.

ज्ञानेश्वर : मीच म्हटलं त्याले.

प्रेरणा : भाऊ, आता एक जण निघालाय. शिवम नाव आहे. त्याचा नंबर आमच्याजवळ नाही, परत बोलावता येत नाही. तो येईल तिथं.

ज्ञानेश्वर : कोनती गाडी हाय त्याची?

प्रेरणा : लाल मोटरसायकल. कपड्यांना कापूस असेल.

ज्ञानेश्वर : येऊ द्या. मी गेटवर जाऊन उभा राह्यतो. नाहीतं तो आत जाऊन विचारत बसंन.